समोर कोण होता?

एडगर बर्लांगाच्या पहिल्या सोळा लढतींना ज्यांनी तिकीट काढले, त्यांनी जागा सोडून चहाकॉफीला जाणे धोक्याचे होते. ब्रुकलिनमध्ये वाढलेल्या, प्युर्टो रिकन घरातल्या या तरुणाने २०१६ मध्ये व्यावसायिक मुष्टियुद्धात पाऊल टाकले आणि समोर आलेल्या सोळाच्या सोळा जणांना पहिल्याच फेरीत गारद केले. एक फेरी तीन मिनिटांची. सुमारे साडेचार वर्षांत त्याने रिंगमध्ये घालवलेला सगळा वेळ जोडला तरी ४८ मिनिटेसुद्धा भरत नव्हती.

चाहत्यांचे लगेच दोन तट पडले. पुढचा मोठा बॉक्सर हाच, असे एक तट म्हणू लागला. दुसऱ्याने तोच जुना प्रश्न विचारला: ठीक आहे, पण समोर कोण होता?

मुष्टियुद्धात हा वाद दर पिढीत नव्याने उभा राहतो. क्रिकेटमध्ये किंवा टेनिसमध्ये होतकरू खेळाडूला समोर कोण येणार हे निवडता येत नाही. वेळापत्रक किंवा सोडत ते ठरवते. व्यावसायिक मुष्टियुद्धात मात्र प्रत्येक प्रतिस्पर्धी कोणीतरी बसून, विचार करून, फोन फिरवून, पैसे मोजून आणलेला असतो. हे काम करणारा तो मॅचमेकर. गावच्या जत्रेत कुस्त्यांच्या फडावर जोड लावताना पंच दोन्ही पैलवानांना शेजारी उभे करतात, वजनाचा आणि वकुबाचा अंदाज घेतात आणि तोडीस तोड वाटले तरच जोड लावतात. मॅचमेकरची सुरुवातीच्या काळातली जोड मुद्दाम एकीकडे झुकलेली असते. किती झुकवायची, यात त्याचे सगळे कसब.

बर्लांगाच्या बाबतीत उत्तर यायला फार वेळ लागला नाही. एप्रिल २०२१ मध्ये फ्लोरिडातल्या किसिमी इथे डेमंड निकल्सन त्याच्यासमोर आला. बर्लांगाने त्याला चार वेळा खाली पाडले. निकल्सन चारही वेळा उठला आणि आठव्या फेरीची घंटा होईपर्यंत उभा राहिला. व्यावसायिक कारकिर्दीत दुसऱ्या फेरीसाठी स्टुलावरून उठण्याची बर्लांगावर ही पहिलीच वेळ. विजय त्याचाच झाला, पण गुणांवर. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अर्जेंटिनाच्या मार्सेलो कोसेरेसने नवव्या फेरीत त्यालाच खाली बसवले. बर्लांगा उठला आणि जिंकला. त्या रात्री त्याच्या डाव्या दंडाचा स्नायू फाटल्याचेही नंतर समोर आले, तेव्हा त्याच्या जिगरीला कमी लेखता येणार नाही. तरीही सोळा झटपट विजयांनी त्याला जे शिकवले नव्हते, ते आता तो भर दिवे लागलेल्या मोठ्या रिंगणात, कॅमेऱ्यांसमोर शिकत होता: दम कसा राखायचा, ठोसा लागूनही माणूस पडला नाही तर पुढे काय करायचे, मार खाल्ल्यावर मिठी कशी मारायची. सप्टेंबर २०२४ मध्ये जगज्जेत्या कनेलो अल्वारेझने त्याला एकदा खाली पाडून गुणांवर आरामात हरवले. जुलै २०२५ मध्ये हमजा शिराझने न्यूयॉर्कमध्ये पाचव्या फेरीत त्याचा खेळ संपवला.

फिलाडेल्फियाच्या टायरोन ब्रन्सनने तर याच्याही पुढची मजल मारली होती. कारकिर्दीच्या आरंभी सलग १९ विजय, सगळे पहिल्या फेरीत. विसाव्या लढतीत प्रतिस्पर्धी पहिल्या फेरीनंतरही उभा राहिला आणि लढत बरोबरीत सुटली.

इथे घाईने निष्कर्ष काढणारे म्हणतात की सोपे प्रतिस्पर्धी म्हणजे फसवणूक. ते बरोबर नाही. एकोणीस-वीस वर्षांच्या पोराला पहिल्याच वर्षी कसलेल्या माणसासमोर टाकणे ही शुद्ध निर्दयता आहे. मुष्टियुद्धात चुकीच्या जोडीची किंमत डोक्याला मोजावी लागते. शिवाय हौशी मुष्टियुद्ध आणि व्यावसायिक मुष्टियुद्ध हे दोन वेगळे खेळ आहेत. हौशी लढत तीन फेऱ्यांची, वेगाची. व्यावसायिक कारकीर्द चार फेऱ्यांपासून सुरू होते आणि सहा, आठ, दहा करत बाराला पोहोचते. या पायऱ्यांवर कोणीतरी शिकवणारा लागतोच, आणि तो मार खाऊन शिकवतो.

पीटर बकली हा असाच एक शिक्षक. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमचा हा माणूस १९८९ ते २००८ या काळात बरोबर ३०० व्यावसायिक लढती लढला. त्यांतल्या ३२ जिंकला, १२ बरोबरीत सोडवल्या आणि २५६ हरला. आकडे वाचून हसू येते. पण त्याच्यासमोर उभे राहून गेलेल्यांची नावे वाचली की हसू मावळते. पुढे जगज्जेता झालेला नसीम हमीद उमेदवारीच्या काळात बकलीशी दोनदा लढला. वेल्टरवेट गटात जागतिक पट्टा जिंकणाऱ्या केल ब्रुकची व्यावसायिक पदार्पणाची लढत २००४ मध्ये झाली, तीही याच बकलीशी.

ब्रिटनमधल्या छोट्या सभागृहांतल्या कार्यक्रमांचे अर्थकारण बकलीसारख्यांवर चालते. होतकरू पोरगा आपल्या गल्लीत, जिममध्ये, नातेवाइकांत तिकिटे खपवतो. त्या पैशातून त्याचे मानधन निघते आणि समोरच्याचेही. पाहायला आलेले सगळे पोराचेच असतात. समोरच्या कोपऱ्यातल्या माणसाला ते काय ते कळते. त्याला कोणी कानात सांगावे लागत नाही. तो हरायला आलेला असतो, पण पडायला नव्हे. ठोसा खाऊन लढत थांबली तर वैद्यकीय नियमांनुसार काही आठवडे सक्तीची सुटी मिळते आणि पुढच्या शनिवारची कमाई बुडते. म्हणून असा माणूस हनुवटी छातीशी दाबून, कोपर अंगाला चिकटवून, खांद्यावर ठोसे झेलत मागे सरकत राहतो. पोरगा फारच आगाऊपणा करू लागला तर एखादा सणसणीत जॅब देऊन त्याला जागेवर आणतो. सहा फेऱ्या संपतात, रिंगमधला एकटा पंचच गुण मोजतो, पोराचा हात वर होतो आणि दोघे आपापल्या वाटेने जातात.

या व्यवहाराला नुरा कुस्ती म्हणता येणार नाही. निकाल कोणी ठरवून दिलेला नसतो. तो फक्त बहुतेकांना आधी ठाऊक असतो. बकलीसारख्या माणसाला नॉकआउट करणे ही खरी अवघड गोष्ट, आणि त्याच्याशी सहा फेऱ्या काढलेला पोरगा दहा जणांना पहिल्या मिनिटाला पाडणाऱ्यापेक्षा जास्त शिकून बाहेर पडतो. आपल्या तीनशेव्या आणि शेवटच्या लढतीत, ३१ ऑक्टोबर २००८ रोजी बर्मिंगहॅममध्ये, बकली स्वतः जिंकला. इतक्या वर्षांनी त्या संध्याकाळी गर्दी त्याची होती.

प्रतिस्पर्ध्याच्या नावापुढचे हार-जितीचे आकडे म्हणूनच भामटे असतात. ‘१८ विजय, ३ पराभव’ असे वाचून एखादा तगडा वाटतो. पण ते अठरा विजय कोणाविरुद्ध, शेवटची लढत कधी झाली, माणूस आपल्या नेहमीच्या वजनगटात लढतो आहे की पैशासाठी दोन गट वर आला आहे, आणि ते तीन पराभव अलीकडचे आहेत का, हे पाहिल्याशिवाय त्या आकड्यांना अर्थ नाही. उलट बारा पराभवांचा माणूस वाघ निघू शकतो. मेक्सिकोचा ओर्लांडो सालिदो हा त्याचा दाखला. त्याच्याकडे आपण येऊच.

आधी माइक टायसन. आज त्याच्या प्रतिस्पर्ध्यांवर शंका घेणे चेष्टेचे वाटेल, पण १९८५ च्या अखेरीस हा वाद ऐन रंगात होता. मार्च १९८५ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या ऑल्बनी शहरात हेक्टर मर्सिडीजला पहिल्या फेरीत गारद करून अठरा वर्षांच्या टायसनने सुरुवात केली. त्या एका वर्षात तो १५ लढती लढला. पंधराही नॉकआउट, त्यांतले ११ पहिल्या फेरीत. पाहणाऱ्यांना धडकी भरवतील असे ठोसे, आणि समोर मात्र फारशी कोणाला माहीत नसलेली नावे. त्याचे व्यवस्थापक जिम जेकब्स आणि बिल केटन हे जुन्या लढतींच्या चित्रपटांचे मोठे संग्राहक. त्यांनी हे नॉकआउट एकामागोमाग एक जोडून त्यांच्या फिती क्रीडा पत्रकारांना पाठवल्या. पडणारा कोण आहे हे अशा फितीत कळतच नाही. दिसतो तो पाडणारा.

पण टायसनच्या मंडळींनी पुढच्या वर्षी जे केले, ते बर्लांगाच्या मंडळींना इतक्या लवकर जमले नाही. मे १९८६ मध्ये त्यांनी जेम्स टिलिसला आणले. टिलिस १९८१ मध्ये जागतिक विजेतेपदासाठी पंधरा फेऱ्या लढून हरलेला, हालचालीत चपळ आणि घाबरून जाण्याचे वय मागे टाकलेला. चौथ्या फेरीत टिलिसचा एक हुकलेला ठोसा त्यालाच फिरवून गेला आणि टायसनच्या डाव्या हुकने तो खाली बसला. पण उठला, आणि दहा फेऱ्या पुऱ्या केल्या. दोन परीक्षकांनी टायसनला दहांपैकी सहाच फेऱ्या दिल्या. त्याच महिन्यात, तीन आठवड्यांच्या आत, मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये मिच ग्रीननेही त्याला दहा फेऱ्या खेळवले. नॉकआउटची भूक लागलेल्या प्रेक्षकांना हा महिना फिका वाटला असेल. प्रत्यक्षात त्या एका महिन्यात टायसन वीस फेऱ्या लढला आणि पुढच्या लढतींची सगळी शिदोरी त्यातच बांधली गेली. नोव्हेंबर १९८६ मध्ये ट्रेव्हर बर्बिकला दुसऱ्या फेरीत लोळवून तो हेवीवेट गटातला सर्वांत तरुण जगज्जेता झाला. वय वीस वर्षे आणि चार महिने.

ज्याचा विक्रम त्याने मोडला तो फ्लॉइड पॅटरसन. दोघांचा गुरू एकच, कस डामाटो. शिष्याच्या यशाचा हा दिवस पाहायला डामाटो नव्हता. एक वर्ष आधी तो वारला होता. पण सोप्या प्रतिस्पर्ध्यांचा आरोप त्याला नवा नव्हता. पॅटरसन जगज्जेता असताना डामाटोने त्याच्यासमोर कोणाला उभे करावे? पीट रेडमाकरला. रेडमाकर १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकचा सुवर्णपदक विजेता खरा, पण व्यावसायिक म्हणून एकही लढत न लढलेला. ऑगस्ट १९५७ मध्ये सिएटलला त्याचे पदार्पण झाले ते थेट जगज्जेतेपदाच्या लढतीत. दुसऱ्या फेरीत त्याने पॅटरसनला खाली पाडलेसुद्धा! सहाव्या फेरीत पॅटरसनने लढत संपवली. डामाटोचे त्या काळच्या बलाढ्य प्रवर्तक संस्थेशी, इंटरनॅशनल बॉक्सिंग क्लबशी, उभे वैर होते आणि तिच्या ताब्यातल्या बॉक्सरांशी तो शिष्याला लढू देत नसे. म्हणजे इथे निवडीत भीती किती आणि राजकारण किती, हे वेगळे काढणे कठीण. पण परिणाम रिंगमध्येच दिसले. जून १९५९ मध्ये स्वीडनच्या इंगेमार योहान्सनने तिसऱ्या फेरीत पॅटरसनला सात वेळा खाली पाडले.

आता सालिदो. २०१४ च्या मार्चमध्ये त्याच्यासमोर होता युक्रेनचा वासिल लोमाचेन्को. हौशी कारकिर्दीत जवळपास चारशे लढती आणि फक्त एक पराभव, दोन ऑलिंपिक सुवर्णपदके. त्याने सुरुवातीच्या पायऱ्या चढायला नकार दिला आणि दुसऱ्याच व्यावसायिक लढतीत जागतिक पट्ट्यावर हक्क सांगितला. सालिदोच्या खात्यात तोवर डझनभर पराभव जमा होते. शिवाय तो वजनात बसला नाही, त्यामुळे पट्टा आधीच हातचा गेला होता. पण बारा फेऱ्या त्याने मिठ्या मारल्या, कमरेखाली ठोसे दिले, पंच रागवेल तिथपर्यंत गेला आणि विभागलेल्या निर्णयाने जिंकला. लोमाचेन्कोला न येणारी ही विद्या होती, आणि ती कुठल्याही ऑलिंपिकमध्ये शिकवत नाहीत.

साडेतीन महिन्यांनी कॅलिफोर्नियातल्या कार्सन इथे रिकाम्या झालेल्या त्याच पट्ट्यासाठी लोमाचेन्को गॅरी रसेल ज्युनियरशी लढला. कागदावर ही जोड विनोदी होती. एकीकडे एक विजय आणि एक पराभव; दुसरीकडे २४ विजय, एकही पराभव नाही. रसेल कमालीचा वेगवान, पण त्याच्या चोवीस प्रतिस्पर्ध्यांवर अमेरिकेतले जाणकार कित्येक वर्षे नाक मुरडत होते. त्या रात्री लोमाचेन्को जिंकला. चोवीस लढती रसेलला जिथे घेऊन गेल्या नव्हत्या, तिथे एकट्या सालिदोने लोमाचेन्कोला नेऊन सोडले होते. रसेलच्या वेगात खोट नव्हती. पुढच्याच वर्षी तो दुसऱ्या संघटनेचा जगज्जेता झाला. खोट एवढीच, की त्याआधी त्याला कोणी अडचणीत आणलेच नव्हते.

मग पराभवांच्या रकान्यातले ‘शून्य’ इतके का जपतात? कारण ते विकले जाते. फ्लॉइड मेवेदरने ५० लढतींत एकही पराभव न पत्करता मिळवलेल्या पैशाने आणि प्रसिद्धीने त्या शून्याची किंमत आणखी वाढवून ठेवली. एक हार झाली की टीव्हीवाले भाव पाडतात, हा धाक खरा आहे. पण बर्नार्ड हॉपकिन्स १९८८ मध्ये पदार्पणाची लढत हरला होता आणि पुढे मिडलवेटचे विजेतेपद त्याने वीस वेळा राखले. मेक्सिकोचा हुआन मॅन्युएल मार्केझही पहिल्या लढतीत बाद ठरला होता. खुद्द मेवेदरही अठराव्या लढतीत, एकविसाव्या वर्षी, जेनारो हर्नांडेझसारख्या जगज्जेत्याला भिडला होता, हे शून्याचे भक्त सोयीने विसरतात.

जपानमध्ये हा हिशेब वेगळा मांडला जातो. तिथे राष्ट्रीय विजेतेपदाला खरे वजन आहे आणि होतकरू मुलांना एकमेकांशी लढवण्याची रीत आहे. नाओया इनोउएने व्यावसायिक होतानाच सोपे प्रतिस्पर्धी नकोत अशी अट घातली होती. चौथ्या लढतीत तो र्योइची तागुचीला हरवून जपानचा विजेता झाला. तागुचीने पुढे स्वतः जागतिक पट्टा जिंकला. सहाव्या लढतीत इनोउए जगज्जेता, वय अवघे वीस. आठव्या लढतीत, डिसेंबर २०१४ मध्ये, दोन वजनगट वर जाऊन तो अर्जेंटिनाच्या ओमार नार्वाएझसमोर उभा राहिला. अनेक वर्षे विजेतेपद राखलेला, कधीही खाली न पडलेला नार्वाएझ दुसऱ्या फेरीतच चौथ्यांदा खाली गेला. नार्वाएझच्या कोपऱ्यातली मंडळी इनोउएकडे गेली आणि हातमोज्यांत काही भरले आहे का, हे त्यांनी तपासून घेतले. मोज्यांत हाताशिवाय काही नव्हते.

गंमत म्हणजे त्यानंतर नार्वाएझ म्हातारा झाला होता, अशी कुजबुज सुरू झाली. या वादातला हा कायमचा पेच आहे. पोरगा झगडून जिंकला तर त्याच्यातच काही नाही, आणि सहज जिंकला तर समोरच्यातच काही नव्हते. म्हणून प्रतिस्पर्ध्याची पत लढतीनंतर नव्हे, लढतीच्या आदल्या दिवशी ठरवावी, आणि एक साधा प्रश्न विचारावा: याच्याकडे असे काय आहे, जे आपल्या पोराने अजून पाहिलेले नाही? डावखुरा आहे का, उंच आहे का, बारा फेऱ्यांचा दम आहे का, घाणेरडे खेळतो का? चार लढती उलटूनही उत्तर ‘काही नाही’ असेच येत असेल, तर मॅचमेकर पोराला सांभाळत नाही, नुसता दाखवून विकतो आहे.

भारतात हा वाद घराघरांत पोहोचला तो विजेंदर सिंगमुळे. बीजिंग ऑलिंपिकमधल्या कांस्यपदकानंतर सात वर्षांनी, २०१५ मध्ये, तिशीच्या उंबरठ्यावर तो फ्रँक वॉरेन यांच्या प्रवर्तन संस्थेतून व्यावसायिक झाला. मँचेस्टर, डब्लिन, लिव्हरपूल. एकामागोमाग एक विजय, झटपट. चौथा प्रतिस्पर्धी अलेक्झांडर होर्वाथ लढतीआधी सापाचे रक्त पितो म्हणून बातम्या रंगल्या. त्याने आधी कोणाला हरवले आहे, हे विचारायला मग कोणाला सवड उरली नाही. सातव्या लढतीत दर्जा खरोखर वाढला. जुलै २०१६ मध्ये दिल्लीत वेल्समध्ये जन्मलेला केरी होप आला. पूर्वी युरोपचे विजेतेपद मिळवलेला, २३ विजय आणि ७ पराभव गाठीशी असलेला. विजेंदरला दहाही फेऱ्या लढावे लागले आणि डब्ल्यूबीओ या जागतिक मुष्टियुद्ध संघटनेचा आशिया-पॅसिफिक पट्टा मिळाला. असे विभागीय पट्टे ही जागतिक क्रमवारीत शिरण्याची शिडी असते. संघटनांना त्यातून शुल्क मिळते, प्रवर्तकाला जाहिरातीचे शब्द. ऑगस्ट २०१७ मध्ये मुंबईत वरळीच्या एनएससीआय डोममध्ये चीनच्या तरुण झुल्पिकार मैमैतियालीने त्याला खरा घाम फोडला. तीनपैकी दोन परीक्षकांनी विजेंदरला एकाच गुणाने पुढे ठेवले होते.

यानंतर जागतिक क्रमवारीतली मोठी नावे येतील, असे वाटत होते. ती आली नाहीत. लढतींमधले अंतर वाढत गेले. मार्च २०२१ मध्ये गोव्यात, पणजीला मांडवीत उभ्या असलेल्या कॅसिनो जहाजाच्या गच्चीवर रिंग उभारली गेली तेव्हा विजेंदर पस्तिशीचा होता, जवळपास सोळा महिने लढलेला नव्हता, आणि त्याच्या नावावर बारा विजय, शून्य पराभव होते. समोर रशियाचा अर्तिश लोप्सान, मूठभर लढतींचा अनुभव असलेला. कागदावर हा आजवरच्या नरम प्रतिस्पर्ध्यांपैकी एक. पण तो सहा फुटांच्या बराच वर होता आणि विशीतला होता. त्याच्या लांब हातांतून आत कसे शिरायचे, हे विजेंदरला शेवटपर्यंत सापडले नाही. पाचव्या फेरीत पंचांनी लढत थांबवली.

त्या रात्रीपासून दोन्ही तटांना आपापले म्हणणे खरे ठरल्यासारखे वाटू लागले. एक म्हणाला, आधीचे बारा पोकळ होते. दुसरा म्हणाला, वय आणि विश्रांती नडली. ऑगस्ट २०२२ मध्ये रायपूरला विजेंदर परतला आणि घानाच्या एलियासू सुलेला त्याने दुसऱ्या फेरीत नॉकआउट केले. जाहिरातींत सुलेच्या नावापुढे ‘अपराजित’ असे छापले होते. लढत संपून तासही झाला नसेल, आणि चर्चा सुरू झाली की त्याने तोवर हरवले होते तरी कोणाला.